२४ सप्टेंबर : पुणे शहरातील एक तारीख

आपल्या घराघरांत काही तारखा पाठ असतात. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १४ ऑक्टोबर, १ जानेवारी या तारखा लहान मुलाला विचारल्या तरी तो त्यामागील घटना सांगतो. २४ सप्टेंबर ही तारीख मात्र तितक्या लोकांच्या जिभेवर नसते. ज्यांना ती आठवते त्यांच्यातही दोन तट असतात. एक म्हणतो, हा सत्यशोधक समाजाचा स्थापना दिन. दुसरा म्हणतो, हा पुणे कराराचा दिवस. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि विशेष म्हणजे दोन्ही घटना एकाच शहरात घडल्या. एक पुण्याच्या पेठांच्या वस्तीत, दुसरी नदीपलीकडे येरवड्याच्या तुरुंगात. दोहोंमध्ये ५९ वर्षांचे अंतर आहे.

१९३२ साली येरवड्यात जमलेल्या पुढाऱ्यांनी ही तारीख जोतीरावांची आठवण ठेवून निवडली नव्हती. उपोषणाच्या घड्याळाने ती ठरवली. तरीसुद्धा या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की पुणे शहराचा एक वेगळाच इतिहास उलगडतो. पुणे म्हटले की शनिवारवाडा, पेशवाई आणि टिळकांचा केसरी एवढेच सांगणाऱ्या पुस्तकांत तो सापडत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही या एका तारखेचा हिशेब मांडत आहोत.

पहिली तारीख बुधवार, २४ सप्टेंबर १८७३. जोतीराव फुले तेव्हा ४६ वर्षांचे होते. मुलींची शाळा, अस्पृश्यांच्या शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह ही कामे त्यांच्या मागे होती. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला होता. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्याच वर्षी, म्हणजे १८७३ साली प्रसिद्ध झाला होता. परंतु एकट्याने कार्य करणे वेगळे आणि संस्था उभारणे वेगळे. त्या दिवशी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना व हितचिंतकांना पुण्यात एकत्र बोलावले व चर्चेअंती सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. अध्यक्ष व खजिनदार ही दोन्ही पदे जोतीरावांकडे आली आणि नारायणराव गोविंदराव कडलक चिटणीस झाले.

या समाजाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. निर्मिक एक आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, आणि लेकराला आईबापाशी बोलण्यासाठी दलालाची गरज नाही. हे वाचायला सोपे वाटते. त्या काळी मात्र बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक विधीला भटजी लागत असे, आणि शेतकरी कर्ज काढून त्याची दक्षिणा भागवीत असे. दलाल नको म्हणणे म्हणजे धर्माचे मत बदलणे एवढेच नव्हते, तर घरातून बाहेर जाणारा पैसा व मान दोन्ही थांबवणे होते. म्हणून विरोधही तसाच झाला.

बोलणे आणि करणे यांत जोतीरावांनी अंतर ठेवले नाही. स्थापनेला तीन महिने होतात न होतात तोच २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट आणि वधू राधा निंबणकर. भटजी नाही, कोणाला न कळणारे मंत्र नाहीत. वधूवरांनी एकमेकांना काय वचन द्यायचे ते मराठीत होते आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचे होते. पुढच्या वर्षी ७ मे १८७४ रोजी हडपसरला ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचा विवाह याच रीतीने पार पडला. पुढे १८८९ साली याच ज्ञानोबांची मुलगी जोतीराव-सावित्रीबाईंची सून झाली. आपल्या विवाहविधीत आज वधूवर सर्वांसमक्ष मराठीत प्रतिज्ञा घेतात, तेव्हा आपल्याला त्यात नवल वाटत नाही. सन १८७३ च्या पुण्यात ते नवल होते, एवढे तरी नव्या पिढीला सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांखेरीज फार थोड्यांना ठाऊक आहे. ही तारीख साजरी करण्याची प्रथा आपण सुरू केलेली नाही, ती खुद्द सत्यशोधकांनीच सुरू केली. समाजाच्या तिसऱ्या वार्षिक समारंभाची हकीकत १८७६ साली छापली गेली आणि पुढील वर्षी पुणे सत्यशोधक समाजाचा रिपोर्टही निघाला. वर्षभर काय केले, पैसा कोठून आला, कोठे गेला, कोणाला मदत केली, हे लोकांपुढे मांडण्याची ही शिस्त होती. आज अनेक मंडळांचा वर्धापनदिन हारतुरे आणि भाषणे यांत संपतो व हिशेबाचा कागद कपाटातच राहतो. अशांनी हे रिपोर्ट एकदा वाचावेत. ते 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात आहेत. १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला गेला, त्यामागेही हीच माणसे होती. त्याच वर्षी कृष्णराव भालेकरांनी पुण्यातून 'दीनबंधु' पत्र सुरू केले. पुढे ते मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले आणि गिरणी कामगारांचे मुखपत्र बनले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. त्यानंतर पुण्यातील कार्य मंदावले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९११ साली कोल्हापुरात समाजाची नव्याने उभारणी झाली आणि चळवळीचे केंद्र तिकडे सरकले. पण पुण्यात विझलेली आग पुन्हा पेटली ती जेधे-जवळकरांच्या काळात. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावर खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९२६ साली पुण्यात अपील चालले तेव्हा सत्यशोधकांच्या बाजूने बॅरिस्टर भीमराव आंबेडकर उभे राहिले. आरोपी सुटले. जोतीरावांचा आणि बाबासाहेबांचा संबंध केवळ विचारांचा आहे असे समजणाऱ्यांनी हा खटला लक्षात ठेवावा. पुण्याच्या न्यायालयात तो प्रत्यक्ष घडलेला आहे. पुढे 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ बाबासाहेबांनी १९४६ साली जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला व बुद्ध, कबीर यांच्याबरोबर त्यांना आपले गुरू मानले.

आता दुसऱ्या तारखेकडे वळू. शनिवार, २४ सप्टेंबर १९३२. येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा, म्हणजे सत्यशोधक समाजापेक्षा अवघा दोन वर्षांनी मोठा. जानेवारी १९३२ पासून गांधीजी तेथे अटकेत होते. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीवरून बाबासाहेब आणि गांधीजी समोरासमोर आले होते. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला आणि त्यात बाबासाहेबांची मागणी बऱ्याच अंशी मान्य झाली. गांधीजींनी १८ ऑगस्टला पंतप्रधानांना पत्र लिहून कळवले की हे बदलले नाही तर आपण प्राणांतिक उपोषण करू. २० सप्टेंबरला दुपारी ते सुरू झाले.

येथे थोडे थांबून निवाड्यात काय होते हे समजून घेणे आवश्यक आहे. व्यासपीठावरून पुणे करारावर तावातावाने बोलले जाते, पण ऐकणाऱ्याच्या हाती नेमके काही पडत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. एका भागात १०० मतदार आहेत आणि त्यांतील १५ अस्पृश्य आहेत असे समजा. (त्या काळी मताचा हक्क सर्वांना नव्हताच, मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून तो मिळे, पण ते तूर्त बाजूला ठेवू.) निवाड्याप्रमाणे या १५ जणांना दोन मते मिळणार होती. अस्पृश्यांच्या खास मतदारसंघात आपला प्रतिनिधी फक्त त्यांनीच निवडायचा, हे पहिले मत. सर्वसाधारण जागेसाठी बाकीच्या ८५ जणांबरोबर मतदान करायचे, हे दुसरे. पहिल्या मताने आपला माणूस आपल्याच जोरावर विधिमंडळात जाई. दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही वस्तीत येऊन मत मागावे लागे. ही खास व्यवस्था जास्तीत जास्त २० वर्षांसाठी होती आणि प्रांतिक विधिमंडळांत अशा ७१ जागा होत्या.

कराराने हे चित्र बदलले. जागा ७१ च्या १४८ झाल्या : मद्रास ३०, बंगाल ३०, मध्य प्रांत २०, संयुक्त प्रांत २०, बिहार व ओरिसा १८, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८ व आसाम ७. केंद्रीय विधिमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के जागा राखीव ठरल्या. संख्या दुपटीहून अधिक वाढली हे खरे आहे आणि ते नाकारून चालणार नाही. परंतु निवडण्याची रीत वेगळी झाली. आपल्या उदाहरणातील १५ जणांनी आधी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची यादी निवडायची आणि नंतर त्या चौघांपैकी एकाला सर्व १०० जणांनी मिळून निवडून द्यायचे. म्हणजे वस्तीने चार नावे पुढे करायची आणि शेवटचा कौल ८५ जणांचा. चौघांपैकी वस्तीला सर्वांत जवळचा कोण, याला महत्त्व उरले नाही. ८५ जणांना सर्वांत कमी खुपणारा कोण, याला महत्त्व आले.

जोतीरावांनी १८७३ साली निर्मिक आणि माणूस यांच्यामधला दलाल नाकारला. १९३२ चा वाद आमच्या मते त्याच जातीचा आहे. मतदार आणि त्याचा प्रतिनिधी यांच्यामध्ये तिसऱ्याची मर्जी असावी की नसावी, एवढाच तो प्रश्न होता.

चार दिवस वाटाघाटी चालल्या. पंडित मदनमोहन मालवीय, तेजबहादूर सप्रू, बॅ. मुकुंदराव जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद हे एका बाजूला. अस्पृश्य पुढाऱ्यांतही एकमत नव्हते. मद्रासचे एम. सी. राजा आधीपासूनच संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते, तर रेट्टमलै श्रीनिवासन हे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसलेले. प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचीही करारावर सही आहे आणि पुण्याच्या पर्वती सत्याग्रहात पुढे असलेले पां. ना. राजभोज यांचीही. तीनच वर्षांपूर्वी, १९२९ साली, पर्वतीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या त्या सत्याग्रहावर याच शहरात दगड पडले होते. उपोषणाच्या आठवड्यात देशभर मंदिरे खुली झाल्याच्या बातम्या छापून येऊ लागल्या, तेव्हा पुण्याच्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात त्या कोणत्या भावनेने वाचल्या गेल्या असतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

शेवटचा तिढा मुदतीचा पडला. राखीव जागा चालू ठेवायच्या की नाही हे दहा वर्षांनी अस्पृश्यांचे सार्वमत घेऊन ठरवावे, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. गांधीजी पाच वर्षांच्या पुढे जायला तयार नव्हते. अखेर सार्वमताचे कलमच गळले. प्राथमिक निवडणुकीची पद्धत दहा वर्षांनी संपेल आणि राखीव जागा मात्र परस्परसंमतीने निर्णय होईपर्यंत चालू राहतील, असे ठरले. शनिवारी सायंकाळी सह्या झाल्या. अस्पृश्यांच्या वतीने बाबासाहेबांची आणि सवर्ण हिंदूंच्या वतीने मालवीयांची सही प्रमुख होती. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या परिषदेत करार संमत झाला. ब्रिटिश सरकारची मान्यता आल्यावर सोमवारी, २६ सप्टेंबरला, रवींद्रनाथ टागोरांच्या उपस्थितीत गांधीजींनी उपोषण सोडले.

या ठिकाणी दोन दुरुस्त्या नोंदवतो, कारण आमच्या पाहण्यातल्या कित्येक भाषणांत आणि पत्रकांत हे चुकते. करारावर गांधीजींची सही नाही. 'गांधी-आंबेडकर करार' हे बोलण्यातले नाव आहे, कागदावर सही मालवीयांची आहे. दुसरे असे की नोकऱ्यांतील टक्केवारीचे आरक्षण पुणे करारातून आलेले नाही. नोकऱ्यांबाबत करारात एवढेच होते की अस्पृश्य म्हणून कोणाला अपात्र ठरवू नये आणि शैक्षणिक पात्रता पाहून योग्य प्रतिनिधित्व देण्याचा प्रयत्न व्हावा. शेवटच्या कलमात प्रत्येक प्रांताच्या शिक्षणखर्चातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढावी असे होते. या कलमाची आठवण कोणी काढत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बाबासाहेब तेव्हा ४१ वर्षांचे होते. त्यांनी सही का केली, हा प्रश्न आजची तरुण मुले रागाने विचारतात. गांधीजींच्या प्राणाला धोका झाला असता तर खेडोपाडी विखुरलेल्या, मूठभर घरांच्या आपल्या वस्त्यांचे काय झाले असते, याचे ओझे एकट्या माणसाच्या खांद्यावर होते. दुसऱ्याच दिवशी मुंबईत बोलताना त्यांनी आपल्यापुढील पेच लपवला नाही. एकीकडे गांधीजींचे प्राण आणि दुसरीकडे आपल्या समाजाचे हित, अशा कात्रीत आपण सापडलो होतो, अशा आशयाचे ते बोलले. पुढे १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा पुरता पंचनामा केला. त्या दिवशी बाबासाहेब हरले असे म्हणणे आम्हास मान्य नाही, आणि सर्व काही मिळवले असे म्हणणेही नाही. जे हाती लागण्यासारखे होते ते त्यांनी कागदावर उतरवून घेतले आणि उरलेले उघडपणे बोलत राहिले.

कराराची खरी परीक्षा निवडणुकांत झाली. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात चांगले यश मिळवले. मात्र १९४५-४६ च्या निवडणुकांत उलटे घडले. प्राथमिक निवडणुकीत दलित मतदारांनी ज्यांना वर आणले, त्यांतील अनेक शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अंतिम मतदानात पडले. खरा कौल कोणता मानायचा, असा सवाल बाबासाहेबांनी कॅबिनेट मिशनपुढे केला. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा जुलै १९४६ मध्ये फेडरेशनने पुण्यातच, तेथे भरलेल्या विधिमंडळाच्या अधिवेशनासमोर, सत्याग्रह केला. पुणे कराराचा निषेध ही त्यातील एक घोषणा होती. आमच्या समाजातील कित्येक घरांत त्या सत्याग्रहात आजोबा किंवा आजी तुरुंगात गेल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. त्या लिहून ठेवल्या पाहिजेत.

तिसरी नोंद २४ सप्टेंबर १९८२ ची आहे. कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी कांशीराम यांनी पुण्यातून पुणे करार धिक्कार मोहीम सुरू केली. ती महिनाभर देशात फिरून २४ ऑक्टोबरला जालंधरला संपली. याच निमित्ताने त्यांचे 'चमचा युग' हे इंग्रजी पुस्तक निघाले. कांशीराम मूळचे पंजाबचे, पण त्यांच्यातला कार्यकर्ता घडला पुण्यात. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करीत असताना आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्यांवरून जो झगडा झाला, त्यातून ते चळवळीत ओढले गेले. त्यांच्या पुस्तकाचा मुद्दा थोडक्यात असा : संयुक्त मतदारसंघातून समाजाचा खरा प्रतिनिधी येत नाही, दुसऱ्याच्या हातातले साधन येते. या मांडणीशी सर्वस्वी सहमत व्हावेच असे नाही. मतभेद आमच्यातही आहेत. पण मोहिमेची सुरुवात याच शहरातून आणि याच तारखेला व्हावी, यामागे निश्चित हेतू होता.

सत्यशोधक समाजाला २०२३ साली १५० वर्षे पूर्ण झाली. महात्मा फुले पेठेतील फुलेवाड्यात, समताभूमीवर, या दिवशी अभिवादनाला माणसे येतात. येरवड्याच्या तुरुंगातील ज्या आंब्याखाली ती बोलणी झाली असे सांगतात, ते ठिकाण सामान्य माणसाला पूर्वी पाहता येत नसे. २६ जानेवारी २०२१ पासून राज्य शासनाने कारागृह पर्यटन सुरू केले आणि त्याची सुरुवात येरवड्यापासूनच झाली. शाळेच्या सहली सिंहगडाला जातातच. एखादी फुलेवाड्यावरून येरवड्याला न्यावी. दोन्ही स्थळे एका दिवसात सहज पाहून होतात, आणि मुलांना करार वाचूनही दाखवता येतो, कारण तो फार मोठा नाही.

राहिला प्रश्न आजच्या राखीव मतदारसंघांचा. राज्यघटनेने स्वतंत्र मतदारसंघ ठेवले नाहीत आणि चार उमेदवारांची प्राथमिक निवडणूकही ठेवली नाही. कलम ३३० आणि ३३२ नुसार जागा राखीव आहेत, उमेदवार अनुसूचित जातीचा असतो आणि मतदान सर्वांचे असते. आपल्या उदाहरणातील १५ जणांनी पूर्वी निदान चार नावे तरी ठरवली असती. आता ते नाव पक्ष ठरवतो. लोकसभेत अशा ८४ जागा आहेत. घटनेच्या कलम ३३४ मध्ये यासाठी प्रथम १० वर्षांची मुदत होती, ती वेळोवेळी वाढत गेली आणि १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २५ जानेवारी २०३० पर्यंत नेली आहे. ही मुदत फक्त लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांची आहे, शिक्षण व नोकऱ्यांतील आरक्षणाची नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे दर दहा वर्षांनी आपल्या वस्त्यांत विनाकारण घबराट पसरते. तेव्हा २०३० साल उजाडण्यापूर्वी प्रत्येक विहारात कलम ३३४ एकदा मोठ्याने वाचून, मराठीत समजावून द्यावे, अशी आमची सर्व शाखांना विनंती आहे. पुढे दोनच वर्षांनी, २४ सप्टेंबर २०३२ रोजी, पुणे कराराला १०० वर्षे होतील.